वस्तीतल्या तरुण उद्योजकांचे स्वयंसेवी मार्गदर्शक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांमधल्या तरुणांना स्वतःचा धंदा उभा करायला आम्ही काही जण विनामोबदला मदत करतो. आमच्यात निवृत्त बँकवाले आहेत, भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम केलेले इंजिनिअर आहेत, दुकानदार आहेत, सीए आहेत. नव्याने येणारे लोक फोनवर, मेसेजवर आणि भेटीत जे विचारत राहतात ते इथे एकत्र केलं आहे. आधी साधे प्रश्न आहेत, अवघड पुढे येतात. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मार्गदर्शक नेमकं करतो काय? हा क्लास असतो का?

क्लास नसतो. एका मार्गदर्शकाकडे एक तरुण असतो, फार तर दोन. त्याच्या दुकानात, हातगाडीवर किंवा शेडमध्ये ठरलेल्या दिवशी जायचं, वही बघायची, अडलंय कुठे ते ऐकायचं आणि पुढच्या भेटीपर्यंत करायचं एक काम दोघांनी मिळून ठरवायचं. शिकवणारे वर्ग भरपूर आहेत. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र ते घेतं, बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था घेतात. पण वर्ग संपतो, प्रमाणपत्र मिळतं आणि पहिलं गिऱ्हाईक पैसे बुडवतं तेव्हा तो तरुण एकटा असतो. आमचं काम तिथून सुरू होतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. धंदा त्याचा आहे, नुकसान झालं तर तेही त्याचंच होणार आहे, म्हणून निर्णयही त्याचाच. खालची बरीच उत्तरं यावरच उभी आहेत.

२. ही पद्धत आली कुठून?

ब्रिटनमध्ये १९७६ साली प्रिन्सेस ट्रस्ट सुरू झाला. बेरोजगार तरुणांना धंद्यासाठी थोडं भांडवल आणि सोबत एक अनुभवी माणूस द्यायचा, ही रीत त्यांनी रुळवली. त्यावरून प्रेरणा घेऊन लक्ष्मी व्यंकटेशन यांनी १९९२ साली भारतीय युवा शक्ती ट्रस्ट स्थापन केला. जे.आर.डी. टाटा, राहुल बजाज अशी उद्योगातली मोठी मंडळी त्यामागे उभी राहिली. या ट्रस्टचं काम पुण्यातही आहे. आमच्यासारखे छोटे गट याच वाटेने जातात. तारण नसलेल्या तरुणाला कर्ज मिळवून देणं हे अर्धंच काम आहे, उरलेलं अर्धं म्हणजे कर्जानंतर त्याच्यासोबत राहणं, हे या कामात आता बहुतेकांना पटलेलं आहे.

३. मी आयुष्यभर नोकरी केली, धंदा कधीच केला नाही. मी काय सांगणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारी माणसं बहुधा चांगली मार्गदर्शक होतात. बँकेत कर्जविभागात काम केलेल्याला कर्जाची फाइल कुठे अडते ते माहीत असतं. कारखान्यात परचेस बघितलेल्याला कोटेशन कसं वाचतात आणि कोणतं बाजूला टाकतात ते माहीत असतं. फॅब्रिकेशनचा धंदा करणाऱ्या पोराला ही माहिती सोन्याच्या भावाची आहे, कारण ती त्याच्या घरात, गल्लीत, मित्रांत कुणाकडेच नसते. गिऱ्हाईक कसं टिकवायचं हे तुम्हाला येत नसेल, तर ते येणारा दुसरा मार्गदर्शक आमच्या गटात असतो. त्याला सोबत घेऊन जा.

४. वेळ किती द्यावा लागतो? मानधन मिळतं का?

पहिले सहा महिने आठवड्यातून एक भेट, नंतर पंधरवड्यातून एक, शेवटचे तीन महिने महिन्यातून एक. एकूण दोन वर्षं. मधल्या दिवसांत फोन येतात, ते घ्यावे लागतात. मानधन नाही, प्रवासखर्चही आपला आपण. निम्म्या वाटेत सोडणार असाल तर कृपया सुरूच करू नका. यातल्या बऱ्याच मुलांनी अर्धवट सोडून गेलेली माणसं आधीच पुष्कळ पाहिलेली असतात.

५. कोणत्या तरुणांना घेता? “वंचित” कसं ठरवता?

दाखल्यावरून ठरवत नाही. साधारण १८ ते ३५ वय, घरात धंद्याची परंपरा नाही, तारण ठेवायला जागा नाही आणि कुणाच्या ओळखीने बँकेत शिरता येईल अशी ओळख नाही. अशी मुलं जनता वसाहतीत आहेत, ताडीवाला रोडला आहेत, येरवड्यात आहेत, भोसरीच्या चाळींत आहेत. दुष्काळी भागातून येऊन कंत्राटी कामगार म्हणून राबणारीही आहेत. शिक्षणाची अट नाही. एकच अट आहे. हाताला काहीतरी काम येत असलं पाहिजे, किंवा ते शिकायला सुरुवात तरी झालेली असली पाहिजे. ‘कोणता धंदा करू ते तुम्हीच सांगा’ म्हणणाऱ्याला आम्ही आधी एखाद्या धंद्यातल्या कुणाकडे तरी दोन-तीन महिने कामाला राहायला सुचवतो.

६. पहिल्या भेटीत काय बोलायचं?

कमी बोलायचं. त्याच्या कामाच्या जागी जा, त्याला आपल्या सोसायटीत किंवा ऑफिसात बोलावू नका. तासभर नुसतं बसा. मोबाइल दुरुस्तीचं दुकान असेल तर गिऱ्हाईक आल्यावर तो काय विचारतो, भाव आधी सांगतो की काम झाल्यावर, सुटा भाग तपकीर गल्लीतून आणायला दुकान बंद करून जातो का, हे बघा. त्या एका तासात जे दिसतं ते छापील प्रश्नावलीतून कळत नाही.

वयाने लहान असला तरी पहिल्या भेटीपासून ‘अहो-जाहो’ करा. आपल्या दुकानात, आपल्या गिऱ्हाइकासमोर त्याला कुणी ‘ए’ म्हणून हाक मारणं बरं दिसत नाही. पुढे तोच म्हणतो, ‘काका, अरे म्हणा की.’ मग म्हणा.

७. हिशेब शिकवायचा तर सुरुवात कुठून करायची?

वहीपासून. ॲप नको, संगणकही नको. दोनशे पानी वही, डाव्या पानावर आलेले पैसे, उजव्या पानावर गेलेले. रोज रात्री, गल्ला मोजून झाल्यावर. महिनाभर एवढंच. ताळेबंद, घसारा, ब्रेक-इव्हन हे शब्द तोंडातून काढू नका.

महिन्यानंतर एका वस्तूचा खर्च काढायला बसा. येरवड्यात एक ताई पोळ्या करून देतात. त्यांचा हिशेब इथे देतो, आकडे गोल केले आहेत. रोज २०० पोळ्या, पोळीला ७ रुपये, म्हणजे १,४०० रुपये. कणीक, तेल आणि गॅस मिळून पोळीमागे पावणेतीन रुपये, म्हणजे ५५० रुपये. ताईंच्या डोक्यात रोजची कमाई होती साडेआठशे, आणि ‘साडेआठशे मिळतात तर जातात कुठे?’ हा प्रश्न त्यांना रोज पडायचा. मग वहीतल्या उजव्या पानावरून एकेक ओळ वाचली. मदतीला येणाऱ्या बाईंचे ३००, पिशव्या आणि कागद ६०, भावाच्या गाडीचं पेट्रोल ८०, ओट्याचं भाडं दिवसाला १००. झाले ५४०. उरले ३१०. पन्नास हजारांचं कर्ज तीन वर्षांचं, हप्ता महिन्याला सुमारे १,६६० रुपये, म्हणजे कामाच्या दिवसाला चौसष्ट. हातात राहिले २४६ रुपये, पहाटे पाचपासून दुपारी एकपर्यंत उभं राहून.

तुमची खरी कसोटी इथे लागते. लगेच ‘भाव वाढवा’ म्हणायचं नाही. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी एवढंच विचारलं, ‘पोळीला एक रुपया वाढवला तर या २४६चे किती होतात?’ ताईंनी पेन्सिलने मांडलं : ४४६. एका रुपयाने हातातले पैसे जवळजवळ दुप्पट होतात, हे त्यांना स्वतःच्या आकड्यांतून दिसलं. पुढचा आठवडाभर त्यांनी विचार केला आणि ठरवलं, की रोजच्या मोठ्या गिऱ्हाइकाला सात, वीसपेक्षा कमी पोळ्या नेणाऱ्याला आठ, आणि लांबच्या दोन घरांना पोहोचवणं बंद. आपल्याला सुचलं असतं त्यापेक्षा हे चांगलं होतं, कारण कोणतं गिऱ्हाईक रुपयासाठी तुटेल आणि कोणतं तुटणार नाही हे त्यांनाच माहीत होतं.

८. गल्ल्यातले पैसे सारखे घरात जातात. हे थांबवायचं कसं?

थांबत नाही, आणि सगळं थांबवायचंही नसतं. घरात आजारपण आलं, भावाची फी भरायची आली, तर धंद्यातला पैसा जाणारच. आपल्या पगारदार घरांत विमा असतो, मुदत ठेव असते. त्या घरात तोच एक गल्ला असतो. ‘धंद्याचे पैसे घरात वापरू नका’ असा उपदेश केला तर तो मान डोलावतो आणि पुढच्या वेळी वहीत लिहायचं बंद करतो. हे त्याहून वाईट.

त्याऐवजी तीन गोष्टी करा. पहिली, घरात गेलेला प्रत्येक रुपया लाल पेनाने लिहायला सांगा, कारण विचारू नका. दुसरी, त्याने स्वतःला मजुरी लावायची. आठवड्याला ठरलेली रक्कम, शनिवारी, घरात जाहीर करून. आई-वडिलांना किंवा नवऱ्याला ‘शनिवारी एवढे मिळणार’ हे माहीत झालं की मधल्या वारी होणाऱ्या मागण्या बऱ्याच कमी होतात. तिसरी, धंद्याचं खातं वेगळं काढून दुकानातला क्यूआर त्या खात्याला जोडायचा. घरखर्चाचं खातं आणि धंद्याचं खातं एकच असेल तर महिनाअखेरीला काहीच उलगडत नाही.

शक्य झालं तर एकदा घरी जा, चहा घ्या. धंदा नीट चालावा असं घरातल्यांनाही वाटत असतं. त्यांना कुणी हिशेब दाखवलेला नसतो, एवढंच.

९. उधारी बंदच करायला सांगावी का?

वस्तीतल्या किराणा दुकानाला उधारी बंद करता येत नाही. केली तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. वरची मर्यादा ठरवता येते, पगाराच्या तारखेला वसुली ठेवता येते, जुनी बाकी असताना नवा माल द्यायचा नाही हे पाळता येतं.

कंपनीला जॉबवर्क करून देणाऱ्याची गोष्ट वेगळी. सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असं २००६चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांचा, विकास कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट दराने व्याज लागतं आणि थकलेल्या बिलांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. माल देण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, झालेली असणं मात्र गरजेचं आहे (प्रश्न १०). पहिल्याच उशिराला तक्रार केली तर काम तुटतं, हेही खरं. बिलावर उद्यम क्रमांक आणि ४५ दिवसांची अट ठळक छापणं, आणि चाळिसाव्या दिवशी सभ्य भाषेत आठवण करणं, एवढ्यावर पुष्कळ वेळा पैसे निघतात.

१०. सुरुवातीला कोणते कागद लागतात?

उद्यम नोंदणी : ऑनलाइन होते, पूर्ण मोफत आहे. सायबर कॅफेत किंवा एजंटकडे हजार-दोन हजार मोजून केलेली नोंदणी आम्हाला सारखी दिसते. तुम्ही शेजारी बसून त्याच्याच मोबाइलवर करून द्या.

गुमास्ता, म्हणजे शॉप ॲक्ट : महाराष्ट्रात २०१७च्या कायद्याप्रमाणे ठरलेल्या संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना द्यायची असते. त्याची पावती बँकेला चालते.

अन्न विकत असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी लागते, हातगाडीवाल्यालाही. जीएसटी मात्र सरसकट घ्यायची गरज नाही. मालाची विक्री वर्षाला ४० लाखांच्या आणि सेवेची २० लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे नोंदणी बंधनकारक नसते. परराज्यात माल पाठवायचा असेल तर आधी सीएला विचारा.

११. मुद्रा कर्जाला अनुदान असतं ना? सरकार थेट देतं का?

दोन्ही नाही. २०१५ साली सुरू झालेली मुद्रा योजना बँका आणि वित्तसंस्थांमार्फत चालते आणि तिच्यात अनुदान नाही. शिशू गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तरुणमध्ये १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं. तरुण गटातलं कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी २०२४च्या अर्थसंकल्पात ही मर्यादा २० लाखांपर्यंत वाढवली.

अनुदान हवं असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जा. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९पासून आहे. त्यात प्रवर्ग आणि शहरी-ग्रामीण भाग बघून प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान ठरतं. केंद्राची अशीच योजना पीएमईजीपी नावाने चालत आली आहे. तरुणांना एक गोष्ट आधीच समजावून सांगा, कारण गैरसमज तिथेच होतो. ही रक्कम हातात पडत नाही. ती बँकेत तीन वर्षं अडकवून ठेवतात, धंदा सुरू आहे याची खात्री झाली की कर्जात वळती करतात. अनुदानाच्या आशेने काढलेला धंदा आणि येत असलेल्या कामाला मिळालेलं अनुदान यांतला फरक आम्ही फार वेळा पाहिला आहे. पहिल्याला मदत करू नका.

महात्मा फुले, अण्णाभाऊ साठे, वसंतराव नाईक या नावांची महामंडळं त्या त्या समाजघटकांसाठी कर्जयोजना चालवतात. अण्णासाहेब पाटील महामंडळाची योजना व्याज परताव्याची आहे, म्हणजे आधी हप्ता वेळेवर भरायचा, मग व्याज परत मिळतं. हातगाडीवाल्यांसाठी २०२०पासून पीएम स्वनिधी ही छोट्या कर्जाची योजना आहे. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, चर्मकार अशा १८ पारंपरिक कामांसाठी २०२३पासून पीएम विश्वकर्मा आहे, त्यात कर्ज ५ टक्के व्याजाने मिळतं.

१२. बँकेने तारण मागितलं किंवा नुसतंच ‘नंतर या’ म्हटलं. आता?

सूक्ष्म आणि लघू उद्योगाच्या ठरलेल्या मर्यादेपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. हे शाखेत शांतपणे सांगता येतं. पण वादाने कर्ज मिळत नाही. अर्ज लेखी किंवा सरकारी कर्जयोजनांच्या जनसमर्थ पोर्टलवर करा, पोच घ्या, नाकारला तर कारण लेखी मागा. तुम्ही सोबत जा, मात्र बोलू द्या त्यालाच. मशीनचं कोटेशन कुठून आणलं, महिन्याला किती काम आहे, हप्ता कशातून भरणार, ही तीन उत्तरं त्याला स्वतःला देता आली पाहिजेत. सहा महिन्यांची वही (प्रश्न ७) टेबलावर ठेवली की मॅनेजर बहुधा ती चाळतोच. विकत घेतलेल्या छापील प्रोजेक्ट रिपोर्टपेक्षा ती वही जास्त बोलते.

१३. सिबिल खराब निघाला. पोरगा म्हणतो, मी कधी कर्जच घेतलं नाही.

तीन शक्यता तपासा. हप्त्यावर घेतलेला मोबाइल. मित्राच्या गाडीला राहिलेला जामीन. घरातल्या कुणी त्याची कागदपत्रं वापरून उचललेलं कर्ज. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडून, वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो काढा आणि ओळ न ओळ वाचा. चूक असेल तर ब्युरोकडे हरकत नोंदवा. खरी थकबाकी असेल तर भरून बाकी नसल्याचा दाखला घ्या. ‘सेटलमेंट’ केली तर तसा शेरा अहवालात राहतो, हे आधी सांगा. ‘स्कोअर वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

१४. रक्कम छोटीच आहे. मीच दिली तर? निदान जामीन तरी राहू?

दोन्ही नको. ही आमची सगळ्यात कडक अट आहे. पैसे दिले की तुम्ही सावकार होता, आणि विक्री पडलेली असताना तो तुमचा फोन उचलायचं टाळतो, नेमकी गरज असते तेव्हा. जामीन राहणं तर कायद्यानेही गंभीर आहे. करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. भागीदारीही नको.

देण्यासारखं तुमच्याकडे दुसरं पुष्कळ आहे. नाना पेठेत सुट्या भागांच्या व्यापाऱ्याशी ओळख करून द्या, पंधरा दिवसांच्या उधारीवर माल मिळायला लागला तर तेही भांडवलच आहे. जीव धोक्यात असलेलं आजारपण वगैरे असेल तर माणूस म्हणून मदत करा, पण ती गटाला कळवून, परत न घेण्याच्या बोलीने.

१५. माझ्याच कंपनीत त्याला काम मिळवून दिलं तर तेही चुकीचं?

चुकीचं नाही, चांगलंच आहे, पण उघडपणे. कंपनीत सांगा की हा माझ्या मार्गदर्शनाखाली आहे. भाव ठरवताना तुम्ही टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसू नका, त्या व्यवहारापुरता दुसरा मार्गदर्शक सोबत द्या. आणि एकाच कंपनीवर त्याचा सगळा धंदा उभा राहणार नाही याची आठवण त्याला करत राहा. तुमची बदली झाली की काय होईल, हा प्रश्न त्यानेच मांडायला हवा.

१६. मी पुरुष आहे, माझ्याकडे तरुण मुलगी आली आहे. काही वेगळे नियम?

भेट दुकानात किंवा चार माणसांच्या जागी, उजेडी. घरी जायचं तर घरात कुणी असताना. रात्री उशिरा मेसेज नाही. पहिल्या महिन्यात एक महिला मार्गदर्शक सोबत. वस्तीत मुलीबद्दल एक शब्द उठला तर तिचं दुकान घरचेच बंद करतात, आणि आपल्या हेतूची शुद्धता तिथे उपयोगी पडत नाही.

दुसरं, तिच्या धंद्याची मापं वेगळी असतात. पार्लर संध्याकाळी सातला बंद होतं याचं कारण बऱ्याचदा गिऱ्हाइकात नसून घरच्या स्वयंपाकात असतं. साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी महिला बँक १९९७ साली उभी राहिली, ती अशा बायकांच्या वेळा आणि अडचणी समजून घेऊन. त्या कामाकडे बघण्यासारखं आहे. लग्न ठरलं की धंद्याचं काय, हा विषय तिने काढला तर टाळू नका. मशीन, खातं आणि नोंदणी तिच्या नावावर आहे ना, एवढं बघा.

१७. मुलगा सतरा वर्षांचा आहे आणि धंदा चालवतोच आहे. घेता का?

औपचारिकपणे नाही. अठरा पूर्ण होण्याआधी त्याच्या नावाने करार होत नाही, कर्ज मिळत नाही. वही लिहायला आणि काम सुधारायला मदत करतो, पालकांना सांगून. शाळा किंवा आयटीआय सुटणार असेल तर आधी ती.

१८. जातीवरून गिऱ्हाईक तुटतं किंवा गाळा मिळत नाही असं तो सांगतो. मी काय म्हणू?

आधी विश्वास ठेवा. ‘आजकाल असं कुठे असतं?’ हे वाक्य तुमच्या तोंडून निघालं तर तो पुन्हा कधीच काही सांगणार नाही. खानावळीच्या पाटीवर आडनाव लिहू की नको, गाळामालकाने पूर्ण नाव विचारल्यावर काय सांगू, हे त्याच्या दृष्टीने धंद्याचेच प्रश्न आहेत. उत्तर तुम्ही ठरवू नका. कुणी नाव अभिमानाने पाटीवर लावतो, कुणी दुकानाला मुलीचं नाव देतो, दोन्ही त्याचे अधिकार आहेत.

तुम्ही करू शकता ते असं : गाळा बघायला त्याच्यासोबत जा, आणि आपल्या ओळखीतला गाळामालक त्याच्याशी सरळ वागेल याची खबरदारी घ्या. दलित उद्योजकांची डिक्की ही संघटना २००५ साली पुण्यातच मिलिंद कांबळे यांनी सुरू केली. तिथे त्याला स्वतःसारखी पुढे गेलेली माणसं भेटतात. काही गोष्टी आपल्यापेक्षा ती माणसं जास्त चांगल्या सांगतील. आणि मामला अपमानाचा, धमकीचा असेल तर तो कायद्याचा आहे. अशा वेळी वकील गाठून द्या.

१९. पारधी कुटुंबातली मुलगी आहे. ना जातीचा दाखला, ना पत्त्याचा पुरावा. सुरुवातच होत नाही.

इथे पहिलं वर्ष कागदांत जाणार हे धरून चाला. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण बाजारात काही चोरीला गेलं की पहिला संशय अजूनही त्यांच्यावरच येतो. म्हणून माल खरेदीच्या पक्क्या पावत्या हा तिच्या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे. मण्यांच्या माळा, कटलरी, भंगार, काहीही असो, पावती सोबत हवी, आणि तिचा फोटो तुमच्याही फोनमध्ये.

दाखल्यासाठी सेतू केंद्रात तिला एकटीला पाठवू नका. भटक्या-विमुक्तांत काम करणारे कार्यकर्ते हे मार्ग चांगले जाणतात, त्यांना गाठा. पॅन, जीएसटी नसलेल्या अगदी छोट्या धंद्यांसाठी उद्यम असिस्ट नावाची सोय २०२३पासून आहे, ती बँकेमार्फत वापरता येते.

२०. तो माझं ऐकतच नाही. चांगलं चाललेलं गॅरेज सोडून आता कॅफे काढायचं म्हणतोय.

विरोध एकदाच, स्पष्ट शब्दांत, कारणांसह नोंदवा. मग आकडे मांडायला लावा, प्रश्न ७मध्ये सांगितलं तसे. त्यानंतरही त्याला करायचंच असेल तर छोट्या प्रमाणात करून बघता येईल का ते सुचवा : गॅरेजसमोर सकाळी चहा-पोह्यांची गाडी, दोन महिने. आणि काहीही ठरलं तरी भेटी चालू ठेवा. रुसून बसलेला मार्गदर्शक कुणाच्या उपयोगाचा नाही.

२१. त्याला नोकरी लागली आणि धंदा बंद करतोय. आपली दोन वर्षं वाया?

मुळीच नाही. घरात पक्का पगार येणं ही चांगली बातमी आहे. देणी, येणी आणि उरलेला माल यांची यादी करून, कर्ज असेल तर बँकेला कळवून, धंदा व्यवस्थित मिटवायला मदत करा.

२२. हप्ते थकले आहेत आणि तो बँकेसमोरून जायचंही टाळतो.

त्याच आठवड्यात त्याला घेऊन शाखेत जा. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं अनुत्पादित (एनपीए) धरलं जातं आणि त्यानंतर पर्याय आक्रसतात. त्याआधी गेलं तर हप्ता कमी करून मुदत वाढवण्याबद्दल बोलता येतं. जाताना वही न्या आणि जमेल ती रक्कम भरा, पाचशे का होईना.

अशा वेळी खासगी सावकार हटकून दारात येतो. दर आठवड्याला शेकडा दहा वगैरे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय सावकारी २०१४च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. पण तक्रार करणारं कुटुंब त्याच गल्लीत राहतं. म्हणून कधी, कशी, कुणाला सोबत घेऊन तक्रार करायची हे त्या कुटुंबाने ठरवायचं. आपण परस्पर पाऊल उचलायचं नाही. त्यांनी ठरवलं तर मात्र पहिल्या दिवसापासून शेवटच्या तारखेपर्यंत आपण बरोबर असायचं.

२३. दोन वर्षं संपली, तरी तो दर आठवड्याला फोन करतो. तोडायचं कसं?

तोडायचं नाही, अंतर वाढवायचं. शेवटचे तीन महिने महिन्यातून एकच भेट, आणि भेटीची विषयपत्रिका त्याने लिहून आणायची. फोन आला की ‘तुम्हाला काय वाटतं?’ हे आधी विचारा. बहुतेक वेळा उत्तर त्याच्याकडे तयार असतं. धंदा नीट चालला असेल तर त्याला नव्या आलेल्या तरुणाशी जोडून द्या, त्याच धंद्यातला नसला तरी चालेल. सध्या आमच्याकडे बसणाऱ्या मार्गदर्शकांपैकी काही जण असेच आलेले आहेत. आमच्या मार्गदर्शकांच्या बैठका दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी होतात, नव्याने येणाऱ्यांनी आधी अशा एका बैठकीला येऊन बसावं.